हद्दवाढीनंतरचं आमचं पहिलं मतदान आणि प्रभागाच्या यादीतली नावं : माझा अनुभव

साताऱ्यात शाहूपुरी, विलासपूरला राहणाऱ्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली, आमची शाहूपुरी ग्रामपंचायत संपली आणि आम्ही पालिकेत आलो. पालिकेची आधीची निवडणूक नोव्हेंबर २०१६ ची, तेव्हा आम्ही शहरात नव्हतोच, आणि त्या बॉडीची मुदत डिसेंबर २०२१ ला संपल्यावर पुढं प्रशासक. म्हणजे ग्रामपंचायतीचा मेंबर गेला तो गेला, नगरसेवक काही आला नाही. पाच वर्षं आमच्या गल्लीला आपलं म्हणून हक्कानं हाक मारावी असा निवडून दिलेला माणूसच नव्हता. म्हणून मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा मला खरंच आनंद झालेला, आणि हे मतदान नीट व्हायला पाहिजे, आपल्या गल्लीतलं एकही नाव इकडं तिकडं जायला नको हे मी तेव्हाच मनाशी धरलेलं.

ऑक्टोबरमध्ये सगळं एकदम आलं. ६ तारखेला कोजागरी होती, त्याच दिवशी मुंबईत नगराध्यक्षपदाच्या आरक्षणाची सोडत. आमच्याकडं दरवर्षी गच्चीवर कोजागरी असते, मोठं पातेलं, मसाला दूध, भेळ, पोरांचे डान्स, म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या. त्या रात्री दुसरा विषयच नव्हता. किती प्रभाग, तर २५, नगरसेवक ५०, एका प्रभागात दोन, आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणजे प्रत्येकाला तीन मतं द्यायची. निम्म्या लोकांना हे तीन मतांचं तिथंच कळलं. वरच्या मजल्यावरचे गुरुजी, रिटायर हेडमास्तर, आयुष्यभर निवडणूक ड्युटी केलेला माणूस, ते म्हणाले की आता प्रारूप यादी, म्हणजे कच्ची मतदार यादी लागेल, ती लागली की पहिलं आपलं नाव कुठल्या प्रभागात आहे ते बघा, नुसतं नाव आहे का एवढंच बघू नका.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

८ तारखेला प्रभागनिहाय प्रारूप यादी आली. मी आमचा भाग असलेल्या प्रभागाच्या यादीची झेरॉक्स मिळवली आणि रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पसरली. ज्यांनी ही यादी हातात घेतलेली नाही त्यांना सांगते, ती चौकटी चौकटींची असते, एकेका चौकटीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि वोटर कार्डचा नंबर. गल्लीप्रमाणं शोधायला जाल तर सापडत नाही, कारण घर क्रमांकाच्या जागी काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या वेळचा जुना नंबर, काही ठिकाणी नुसती रेघ. मी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकत गेले आणि आडनावांवर पेन्सिलीनं खुणा करत गेले. आमच्या बिल्डिंगची नावं भराभर सापडली, समोरच्या बैठ्या घरांची पण सापडली, आणि ओढ्याकडच्या शेवटच्या घरांपाशी आल्यावर नावंच संपली. परत पहिल्यापासून बघितलं. नाहीत. मग राज्य निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर वोटर कार्डचा नंबर टाकून शोधलं तर ती सगळी मंडळी शेजारच्या प्रभागात! घर आमच्या गल्लीत, मत पलीकडच्या प्रभागात.

हे का होतं ते गुरुजींनी समजावलं आणि मला वाटतं प्रत्येकानं समजून घ्यायला पाहिजे. महापालिका, नगरपालिका, झेडपी यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा विधानसभेच्या भारत निवडणूक आयोग, हे दोन वेगळे आयोग आहेत. राज्य आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी बनवत नाही, विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागात वाटतो. या वेळी १ जुलै २०२५ ला जी विधानसभेची यादी होती ती धरली. आता विधानसभेच्या यादीचे भाग एका पद्धतीनं पाडलेले आणि प्रभाग पाडलेत २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर, जनगणनेचे गट धरून. या दोन्हीच्या रेघा जुळत नाहीत. जिथं यादीचा एकच भाग दोन प्रभागात पडतो तिथं कुठलं नाव कुठं हे एकेक बघून ठरवावं लागतं, आणि हद्दीवरच्या घरांची गडबड होते. कुणी मुद्दाम केलं वगैरे चर्चा आमच्याकडं पण सुरू झाली होती, ती मी थांबवली, कारण तसं काही दिसत नव्हतं आणि त्यात वेळ घालवायला मुदतच नव्हती. हरकतीला आधी १३ ऑक्टोबरपर्यंत वेळ होता, तो नंतर १७ पर्यंत वाढवला, आणि १८ ला धनत्रयोदशी.

ओढ्याकडच्या घरांमध्ये गेले तर घरोघरी चकलीचा वास, माळ्यावरची भांडी खाली काढलेली, कुणाला बोलायला फुरसत नाही. आण्णा म्हणून आहेत, सगळ्या गल्लीला आण्णाच, ते म्हणाले, "अगं पोरी, मत ते मत, हिकडं काय नि तिकडं काय, नाव हाय न्हवं यादीत?" मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि म्हणलं, "आण्णा, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी तुमच्या अंगणात येतं ना, ते ज्याच्या प्रभागात येतं त्याला तुम्ही मतच दिलेलं नसणार. त्याच्याकडं गेलात तर तो म्हणेल तुमचं नाव माझ्या यादीत नाही, आणि ज्याला मत दिलं तो म्हणेल तुमचं घर माझ्या प्रभागात नाही. मग जायचं कुणाकडं?" आण्णा गप्प बसले, आत गेले आणि वोटर कार्ड, आधार कार्ड, लाइट बिल सगळं एका पिशवीत घालून घेऊन आले. त्यांच्या सूनबाईंनी उरलेल्या घरांची कागदपत्रं गोळा केली, ते काम मला करावंच लागलं नाही.

आता अर्जाचं. इथं एक फार मोठा गैरसमज आहे. बऱ्याच जणांना वाटत होतं की बीएलओकडं, म्हणजे आपल्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं जाऊन फॉर्म ८ भरला की झालं. फॉर्म ८ पत्ता बदल, दुरुस्ती यासाठी आहे आणि तो विधानसभेच्या यादीसाठी. १ जुलैची यादी एकदा धरल्यावर नंतर भरलेल्या फॉर्म ८ नं किंवा नवीन नाव लावायच्या फॉर्म ६ नं या निवडणुकीच्या यादीत काही फरक पडत नाही. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती तीन गोष्टींवर, नाव चुकीच्या प्रभागात गेलंय, लिहिण्यात चूक झालीय, किंवा विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीत आलेलं नाही. नवीन नाव घालणं किंवा मयताचं नाव काढणं हे इथं होत नाही. आमच्यातल्या एका वहिनींचं लग्नानंतर नावच लागलेलं नव्हतं, त्यांना या वेळी मत देता येणार नाही हे सांगताना मला फार वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा स्पष्ट सांगितलेलं बरं.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात करायचा असतो. प्रत्येकानं स्वतःचा वेगळा अर्ज करायचा असं आम्ही ठरवलं, त्यात नाव, वोटर कार्ड नंबर, आत्ता ज्या प्रभागाच्या यादीत नाव आहे तो प्रभाग आणि अनुक्रमांक, आणि ज्या प्रभागात पाहिजे तो. सोबत पत्त्याचा पुरावा. पण नुसता पुरावा जोडून भागत नाही, घर हद्दीच्या कुठल्या बाजूला येतं हे दाखवावं लागतं, आणि इथं गुरुजींचा अनुभव कामाला आला. प्रभाग रचनेच्या अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची हद्द उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी शब्दात लिहिलेली असते, अमुक ओढ्यापासून तमुक रस्त्यापर्यंत. गुरुजींनी त्यातली आमच्या बाजूची ओळ शोधून तांबड्या पेननं अधोरेखित केली, नकाशाच्या प्रिंटवर आमच्या गल्लीची घरं एकेक चौकोन काढून दाखवली आणि प्रत्येक चौकोनात कुटुंबाचं आडनाव लिहिलं. त्या नकाशाची एकेक कॉपी प्रत्येक अर्जाला जोडली. माझ्या मुलीनं मोबाइलवर तक्ता केला, नाव, कार्ड नंबर, सध्याचा प्रभाग, हवा असलेला प्रभाग, पोच मिळाली का. हा तक्ता नसता तर आमचं काही खरं नव्हतं.

पोच! हे मी दहा वेळा सांगेन. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. गर्दी होती, इच्छुक उमेदवारांची माणसं गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन उभी, तरी तिथल्या ताईंनी आमच्या प्रत्येक प्रतीवर शिक्का मारून दिला. मी त्यांना म्हणलं, "ताई, दिवाळीच्या तोंडावर तुमच्यावर फार लोड आलाय," तर त्या म्हणाल्या, "तुम्ही लावून आणलंय म्हणून लवकर झालं, नाहीतर लोक नुसतं आमचं नाव नाही म्हणून भांडतात आणि कार्ड नंबर विचारला की घरी जातात."

मग स्थळपाहणी. एक कर्मचारी दादा यादी आणि नकाशा घेऊन आले. ते ओढ्याच्या पुलावर उभे राहिले, नकाशा आडवा उभा करून बघितला, मग विचारलं की ओढा पूर्वीपासून इथूनच वाहतो का. प्रश्न एकदम बरोबर होता, कारण हद्द ओढा धरून आहे आणि घरं ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं यावरच सगळं अवलंबून. आण्णा पुढं झाले आणि त्यांनी ओढा कुठून येतो, जुनी पायवाट कुठं होती, घरं कधी झाली सगळं सांगितलं. दादांनी प्रत्येक दारावर जाऊन नाव विचारलं, कार्ड बघितलं, सह्या घेतल्या. एका घरातली मुलगी पुण्याला जॉबला, तिची सही कशी घ्यायची यावर थोडा वेळ गेला, शेवटी तिच्या आईचं म्हणणं लिहून घेतलं आणि तिचं कार्ड बघितलं. आलेला माणूस घाईत नव्हता हे मला सगळ्यात जास्त आवडलं, प्रत्येकाचं ऐकून घेतलं त्यानं.

३१ ऑक्टोबरला अंतिम यादी आली. त्या संध्याकाळी आम्ही परत तेच केलं, पट्टी, पेन्सिल, एकेक ओळ, आणि या वेळी ओढ्याकडची नावं एकामागोमाग एक येत गेली. मुलगी तक्त्यात टिक करत होती. एकाचं वय चुकीचं राहिलं होतं, पण नाव आणि कार्ड नंबर बरोबर होता त्यामुळं मतदानाला काही अडचण नव्हती. मी आण्णांच्या दारात जाऊन सांगितलं तर त्यांनी सुनेला हाक मारली, "फराळाचं ताट आण गं!" दिवाळी होऊन गेली होती तरी.

नोव्हेंबरमध्ये मतदान केंद्रनिहाय यादी आली तेव्हा आणखी एक भानगड. मागच्या गल्लीतल्या मावशींच्या नावापुढं दोन स्टार (**). कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमचं नाव कापलं, त्या रडायलाच लागल्या. स्टार म्हणजे नाव कापलेलं नसतं, दुबार असू शकतं असा संशय असतो, सारख्या नावाची नोंद दुसरीकडंही दिसली की ती खूण येते. अशा वेळी आपण कुठल्या केंद्रावर मत देणार ते लेखी द्यायचं, आणि ते राहिलं असेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर हमीपत्र द्यायचं आणि ओळख पटवायची. मावशींचं नाव माहेरच्या गावाकडं अजून लागलेलं निघालं. त्यांनी इथलं केंद्र लिहून दिलं, मी त्यांच्याबरोबर गेले.

२ डिसेंबरला मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी होणार होती, ती हायकोर्टाच्या आदेशानं २१ डिसेंबरला गेली, पण तो वेगळा विषय. मतदानाला जाताना आम्ही सगळ्यांना तीन मतांचं परत परत सांगितलं होतं, नगराध्यक्षाचं एक आणि नगरसेवकांची दोन, कुणीच पसंत नसेल तर त्या जागेसाठी नोटा दाबायचं पण एकही जागा सोडून बाहेर यायचं नाही. आण्णा मत देऊन आले आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तीन बोटं दाखवून समजावत बसले, त्यांना घरी नेताना सूनबाईंची पुरेवाट झाली.

तक्ता आम्ही पुसलेला नाही. त्या वहिनींचं नाव आणि गल्लीतल्या दोन पोरांची नावं आता लावून घ्यायची आहेत, फॉर्म ६ भरून. १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची १ तारीख धरतात, त्यामुळं वर्षभर थांबायची गरज नाही. एका पोराचा जन्मदाखला गावाकडं आहे, तो आला की पहिला त्याचा फॉर्म भरणार.