गोळ्यांनी चित्रं सुचायची थांबत नाहीत का?

माझ्या मानसिक आजाराविषयी बोलायला कुठेही गेले, की शेवटी हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा स्वतः काही लिहिणारा, वाजवणारा असतो आणि त्याच्या खिशात न फोडलेली गोळ्यांची स्ट्रिप असावी अशी मला शंका येते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य. पहिल्या उन्मादात ४ रात्री न झोपता मी चित्रं काढत होते. नंतर तो चित्रांचा गठ्ठा उघडून पाहिला तर रंगावर रंग चढून नुसता चिखल झालेला. दोन चित्रं मात्र चांगली निघाली, खोटं कशाला बोलू? पण पुढचे ८ महिने नैराश्यात गेले, ब्रश धुवायलाही उठवत नव्हतं. त्या महिन्यांचा हिशेब कुणी विचारत नाही.

लिथियम हे औषध सुरू झालं आणि हात थरथरायला लागला. बऱ्याच जणांना होतं तसं. बारीक निबची रेखाटनं ही माझी ओळख, तीच गेली. खूप रडले. डॉक्टरांनी रक्तातली पातळी पाहून डोस थोडा उतरवला. थरथर कमी झाली, गेली नाही. मग कोळसा हातात घेतला. जाड रेघेत थरथर खपून जाते. सुचणं थांबलं नाही, मंदावलं.

इथे कुणीतरी चित्रकार व्हॅन गॉगला मध्ये आणतंच. १८८९च्या जुलैत फ्रान्समधल्या सें-रेमीच्या मनोरुग्णालयात त्याला झटका आला तेव्हा त्याने रंग खाल्ले होते. काही आठवडे त्याचं चित्र काढणंच बंद होतं. चित्रं झाली ती मुख्यतः झटक्यांच्या मधल्या दिवसांत. जपानी चित्रकार यायोई कुसामा तर १९७७पासून आपणहून मनोरुग्णालयात राहतात आणि जवळच त्यांचा स्टुडिओ आहे. ही सोय मला झटक्यापेक्षा जास्त मोलाची वाटते.

जनजागृतीवाल्यांना मात्र माझ्याकडून एकच चित्र हवं असतं: डोकं धरून बसलेली बाई, मागे काळोख. एकदा मी त्याऐवजी कोळशाने काढलेली गोळ्यांची डबी पाठवली. सात कप्पे, बुधवारचा उघडा. ‘यात आजार कुठे दिसतो?’ असं विचारून त्यांनी ती परत केली. आता तेच चित्र घेऊन मी बोलायला जाते. ‘बुधवारची घेतलीत की राहिली?’ असं कुणीतरी हमखास विचारतं. घेतली होती. मंगळवारची राहिली होती, आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नसते, इथून आमचं बोलणं सुरू होतं.