मॅडम, सुट्टे नाहीत

आमची शाळा दोनशिक्षकी, पहिली-दुसरी सर बघतात आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, त्यामुळे एखाद्या पोराचं गणितात अडलं तर विचारायचं कुणाला हा रोजचाच प्रश्न. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, महिन्यातून एकदा, आणि तिथेही निम्मा वेळ ऑनलाइन माहिती कधीपर्यंत भरायची यातच जातो.

गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. मी फळ्यावर तीनदा दशक सुटा करून दाखवला, ती मान डोलवायची आणि परत ३५च. शेवटी वहीच्या पानाचा फोटो काढला, नाव दिसणार नाही असा, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक आहेत त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रात्री जेवणं होईपर्यंत उत्तरं आली होती. एका ताईंनी लिहिलं, अहो ती गोंधळलेली नाहीये, तिने नियम केलाय, मोठ्यातून लहान काढायचं, म्हणून सातातून दोन गेले पाच. मी वही परत उघडली तर खालची चार गणितं अगदी तशीच! इतके दिवस मी फक्त लाल फुली मारत होते.

एका सरांनी सुचवलं, दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या, २७ रुपयांचं दुकान मांडा. दुसऱ्या दिवशी तेच केलं. तिने दोन नोटा दिल्या, मग हातातल्या दोन नाण्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, मॅडम, सुट्टे नाहीत. मग स्वतःच एक नोट मोडून घेतली, सात नाणी मोजून दिली, उरले २५. पुस्तकातले सुटे आणि दुकानातले सुट्टे तिच्या डोक्यात तिथे एक झाले.

डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. त्यांच्या परितेवाडीच्या (जि. सोलापूर) जिल्हा परिषद शाळेतली पोरं स्काइपवरून बाहेरच्या देशांतल्या पोरांशी बोलायची हे ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण आपल्या ग्रुपवर काय असतं, शुभ सकाळ, जीआर, पीडीएफ आणि सजवलेल्या वर्गांचे फोटो. ते वाईट नाही, तयार स्वाध्याय मिळाला तर माझाही वेळ वाचतोच, पण न जमलेलं पान कुणी टाकत नाही कारण त्याच ग्रुपवर शिक्षण खात्यातले साहेब पण असतात, बाईंना शिकवता येत नाही असं वाटलं तर? मला ही भीती फार नुकसानाची वाटते. निदान एक ग्रुप तरी फक्त शिक्षकांचा असावा, जिथे चुकलेली वही बिनधास्त दाखवता येईल.

ती मुलगी आता चौथीत आहे. काल तिच्या वहीत ४०३ वजा १२८ आलंय, मधल्या शून्यापाशी अडलीये. फोटो टाकलाय, बघू ताई काय म्हणतात.