तिथी सांग, वेळ मी सांगतो

पहाटे पुणं सोडलं, ताम्हिणी उतरलो आणि माणगाव-मंडणगड करत दापोलीच्या मुरुडला पोचलो तेव्हा दहा वाजत होते. किनाऱ्यावर जाऊन बघतो तर मैदानच नाही! पाणी पार वर चढलेलं. दोन पोरं बांबूचे स्टंप मांडीवर घेऊन सुरूच्या सावलीत निवांत बसलेली.

ऑफिसातला मित्र इथला. दरवर्षी वैशाखी पौर्णिमेपर्यंतचे तीन दिवस वाड्यावाड्यांच्या टीम टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. मुंबईचे चाकरमानी, मेच्या सुट्टीतली पोरं, पोट सुटलेले काका, सगळे. त्यांच्यात एक गडी कमी पडत होता, म्हणून माझी वर्णी. मी मूळचा हॉकीवाला. धनराज पिल्लेच्या खडकीत वाढलो, एवढाच काय तो माझा क्रीडाइतिहास.

"मॅच किती वाजता?" मी मित्राच्या आजोबांना विचारलं.

"घड्याळ राहू दे. तिथी सांग."

मला कुठली माहीत! त्यांनीच सांगितली, त्रयोदशी. मग बोटांवर हिशेब. तिथीची पाऊणपट करायची. तेरा पाऊण पावणेदहा, म्हणजे पावणेदहाला भरती. त्यात सहा तास मिळवले की पावणेचारला पूर्ण ओहोटी. उद्या चतुर्दशी, पाऊण तास पुढे. परवा पौर्णिमा, सव्वापाचच्या सुमारास. म्हणून फायनल पौर्णिमेला: ओहोटीही असते आणि उजेडही. एक-दोन दिवस उशीर केला तर पाणी हटेपर्यंत अंधार पडायचा. आणि अष्टमीला ठेवली तर? आजोबा हसले. "तेव्हा भांग. पाणी ना धड चढत, ना धड उतरत. अर्ध्या मैदानात काय खेळणार?" उधाणाला समुद्र जितका वर येतो तितकाच लांबही जातो, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

दोनच्या सुमारास मैदान उघडं पडायला लागलं. पाण्याने भरलेलं पिंप वाळूवर लोळवून पिच तयार. आदल्या दिवशी वाळूवर गाड्या पळवणाऱ्या पर्यटकांनी पाडलेले चर मात्र पुरते बुजेनात. त्यांना घातलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. फक्की मारली ती फक्त सुरूच्या बाजूला. दुसऱ्या बाजूची सीमारेषा म्हणजे पाणी, आणि ते मॅचभर सरकतंय. पहिल्या डावातला चौकार दुसऱ्या डावात दोन धावांचा होतो. त्यावरून भांडणं? दर ओव्हरला. लाउडस्पीकरवर समालोचक मात्र अखंड सुरू, "चेंडू थेट दर्यात!" चेंडू खरं तर फील्डरच्या पायांत.

ओल्या वाळूवर चेंडू उसळत नाही, सरपटत येतो. शिवाय दोन ओव्हरमध्ये पाणी पिऊन दगडासारखा जड. चांगले चांगले बॅट्समन वरून फटका मारायला जाऊन दांड्या गुल करून घेत होते. मी बॅट जमिनीलगत धरून हॉकीसारखी घुमवली. सतरा रन केले! आमच्या टीमने मला लगेच 'हॉकी' असं नाव ठेवलं. रात्री जेवायला बसलो तर काकूही, "हॉकीला सोलकढी वाढ गं."

फायनल आमची नव्हती. चतुर्दशीलाच घरी बसलो होतो. तरी पौर्णिमेला थांबलो. शेवटच्या ओव्हरला सूर्य पाण्याला टेकला आणि मागे नारळांवरून चंद्र वर येऊ लागला. पाणी परत फिरलेलं. लाँगऑनचा पोरगा घोटाभर पाण्यात उभा राहून ओरडतोय, "लवकर टाक रे!" चार रन हव्या होत्या, दोनच झाल्या. बक्षीस समारंभ आटपेपर्यंत पिचवरून फेस वाहत होता.

निघताना पुढच्या वर्षीची तारीख विचारली. रजा आधी टाकावी लागते ना. वैशाखी पौर्णिमा कधी मेच्या तोंडावर येते, कधी थेट शेवटच्या आठवड्यात. आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "अधिक महिना कुठे पडतोय ते बघतो नि कळवतो."

साहेबांना हे कसं सांगायचं, या विचारात ताम्हिणी आला.