कातडी मऊ झाली, पण बीपी?

दांडिया बाजारातल्या एक काकू, वय बावन्न, मागच्या श्रावणात ओपीडीत आल्या त्या खुशीतच. खुर्चीवर बसायच्या आधी हात पुढे केला, "बघ गं, चिमटीत येतेय आता!" आणि खरंच येत होती कातडी. चार महिन्यांपूर्वी हाच हात असा ताठ होता की चिमटा बसेना, बांगड्या हातात जाईनात, आणि काकूंना सगळ्यात जास्त दुःख कशाचं तर मोदकाला कळ्या पाडता येत नाहीत याचं. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि आतले अवयवही ताठ करत जाणारा आजार, त्यातला डिफ्यूज, म्हणजे अंगभर पसरणारा प्रकार, वेगाने वाढणारा. मी मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं औषध, लिहून दिलं होतं पण त्याला महिने लागतात, घरच्यांना तेवढा धीर निघाला नाही, दुसरीकडे दाखवलं आणि तिथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, रोज ४० मिलिग्रॅम, दीड महिना.

माझ्या पोटात गोळाच आला. या आजारात, त्यातही पहिल्या काही वर्षांत, स्टेरॉइडचा डोस मोठा असला की किडनीवर संकट यायचा, म्हणजे बीपी एकदम चढून किडनी निकामी व्हायचा धोका वाढतो, पिट्सबर्गच्या डॉक्टर स्टीन आणि मेडस्जर यांनी १९९८ मध्येच रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्तचा संबंध दाखवलाय. "डोकं दुखतंय का हो काकू?" तर म्हणाल्या, हो दोन दिवस, उपासाचं असेल.

बीपी १९०/११०. दुसऱ्या हातावर घेतलं, तेच. एरवी यांचं ११०/७० असायचं.

लगेच ॲडमिट केलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, ०.८ वरून २.६ झालेलं. कॅप्टोप्रिल, म्हणजे बीपी उतरवून या संकटात किडनी वाचवणारं औषध, सुरू केलं, डोस वाढवत नेला. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ३.४, ज्युनियर डॉक्टर म्हणाला मॅडम बंद करूया का, मी म्हटलं अजिबात नाही, इथेच घाबरून औषध थांबवलं जातं आणि किडनी हातची जाते. ती रात्र मला झोप नव्हती हे मात्र खरं. पुढे बीपी उतरलं, मग आकडाही हळूहळू खाली आला, डायलिसिस टळलं. स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही म्हणून पायरीपायरीने कमी केलं, मायकोफेनोलेट परत चालू.

परवा काका फॉलोअपला कालनिर्णयचं पानच घेऊन आले, प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने बीपी लिहिलेलं, आणि संकष्टीच्या चौकटीत जागा उरली नाही म्हणून तिथलं समासात.