आत्मा, त्याच्या शक्ती आणि झोपलेला माणूस

लॅटिनमधला ‘आनिमा’ मराठीत ‘आत्मा’ झाला की वाचक पहिल्याच पानावर घसरतो. आनिमा म्हणजे सजीवाला सजीव करणारं तत्त्व, आणि ते गवतालाही असतं. खरं तर ‘जीव’ हा शब्द जास्त जवळचा. पण तत्त्वज्ञानावरच्या लेखनात ‘आत्मा’ रुळलाय, तर तोच वापरू.

तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये एक वाद रंगला होता: आत्मा आणि त्याच्या शक्ती (पाहणं, विचार करणं अशा क्षमता) एकच, की वेगळ्या? पॅरिसचा बिशप गिलोम दोव्हेर्न्य म्हणे, एकच. तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिआए’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, ७७व्या प्रश्नात, याला नकार देतो. आत्मा हे देहाचं रूप, म्हणजे दिसणं नव्हे, तर देहाला जिवंत देह बनवणारं तत्त्व, त्यामुळे देह जिवंत आहे तोवर तो पूर्णपणे हजर असतोच. पाहणं आणि विचार करणं थेट त्याच्या सत्त्वातूनच, म्हणजे तो मुळात जे आहे त्यातूनच, घडत असतं, तर जिवंत माणूस क्षणभरही न थांबता पाहत आणि विचार करत राहिला असता. झोपलेला माणूस जिवंत असतो, पण पाहत नसतो. म्हणून शक्ती सत्त्वातून निघतात, पण त्या म्हणजे सत्त्व नव्हे. चौदाव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ ऑकमने मात्र हा भेद पुन्हा पुसला.

मग शक्ती मोजायच्या कशा? क्रिया ज्या गोष्टीकडे वळलेली असते तो तिचा विषय; विषयावरून क्रिया ओळखायची, क्रियेवरून शक्ती. इथे नवखे हमखास चुकतात. विषय बदलला की नवी शक्ती मांडतात. दगड पाहिला काय नि माणूस पाहिला काय, दृष्टीला दोन्हीत रंगच दिसतो, तेव्हा शक्ती एकच. रंग आणि ध्वनी यांच्यातला फरक मात्र शक्ती वेगळी करतो. या हिशेबाने अक्वायनसकडे पाच प्रकार होतात: पोषणाच्या, इंद्रियांच्या, ओढीच्या (हवंसं वाटण्याच्या), हालचालीच्या आणि बुद्धीच्या शक्ती.

मला यातला सर्वांत सुरेख भाग वाटतो तो आंतर-इंद्रियांचा, म्हणजे डोळे-कानांनी आणलेलं आत हाताळणाऱ्या शक्तींचा. ती चार का, याचं कारण अक्वायनस चक्क शरीरधर्मात शोधतो. ओल्या वस्तूवर ठसा चटकन उमटतो, पण टिकत नाही. कोरडीवर उमटायला कष्ट, पण उमटला की राहतो. मग शरीरातला एकच अवयव घेणं आणि राखणं ही दोन्ही कामं नीट कशी करणार? म्हणून पांढरं आणि गोड यांतला फरक जाणणारी समाईक संवेदना, आणि तिने घेतलेलं राखणारी कल्पना. पण लांडगा दिसताच मेंढी पळते ती काही त्याच्या रंगामुळे नव्हे. ‘हा घातक’ हे डोळ्यांना दिसत नाही. ते ओळखणारी तिसरी शक्ती, आणि ती ओळख साठवणारी चौथी, स्मृती. माणसात ही तिसरी शक्ती एकेका गोष्टीची तुलना करत पुढे सरकते. त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ-वैद्य इब्न सिना याने पाचवी शक्ती धरली होती: सोनं आणि डोंगर जोडून सोन्याचा डोंगर करणारी. ते काम माणसाची कल्पनाच करते, असं म्हणून अक्वायनसने ती वगळली.

बुद्धीला स्वतःचा अवयव नाही, असं तो ठामपणे म्हणतो. मग मेंदूला इजा झाली की माणूस आधी शिकलेलंही का समजू शकत नाही? कारण बुद्धी कल्पनेतल्या प्रतिमांकडे वळल्याशिवाय काम करत नाही, आणि कल्पनेला अवयव लागतो. बिघाड प्रतिमेत होतो, खोळंबा बुद्धीचा.

याचीच किंमत मृत्यूनंतरच्या प्रश्नात मोजावी लागते. देह गेला की बुद्धी आणि इच्छाशक्ती उरतात. पाहणं, ऐकणं, आठवणं यांच्या शक्ती फक्त मुळात, बीजरूपाने. पण प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीनच्या नावावर फिरणारं एक पुस्तक सांगत होतं की आत्मा जाताना संवेदना आणि कल्पनाही सोबत नेतो. अक्वायनसने त्याला एका ओळीत उडवलं: त्या पुस्तकाला प्रमाण मानायचं कारण नाही.