रापणीची जागा नकाशावर लागावी म्हणून

सागरी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला, तेव्हा आमच्या गावाचा नकाशा उघडून मी आधी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, मांगर (जाळी-सामान ठेवायची शेड) शोधला. तो नव्हता. होड्या ओढून ठेवायची जागा नव्हती, मासळीचं वाळवणही नव्हतं. घरं आणि पाणी यांच्यामध्ये नुसता मोकळा पट्टा दाखवला होता.

भीती त्या मोकळ्या पट्ट्याचीच होती. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र, म्हणजे भरतीरेषेपासूनचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, ५० मीटरचं, तर विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटरचं असतं. आमचं गाव दुसऱ्या गटातलं. पण याच ना-विकास क्षेत्रात पर्यटनाच्या तात्पुरत्या सुविधांना मुभा आहे. नकाशावर रिकामी दिसणारी वाळू उद्या कुणी शॅकसाठी मागितली, तर आमच्या बायका बांगडे वाळत घालणार कुठे? कोळीवाडे, वाळवणाच्या जागा, मच्छीमारांच्या सामायिक जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवायच्या, असं अधिसूचनेतच लिहिलेलं आहे. आम्ही हरकतीत तोच आधार घेतला.

नकाशाचं प्रमाणही पाहायला हवं. १:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. त्यात मांगर दिसणारच नाही. १:४००० च्या नकाशात तोच मिलिमीटर ४ मीटरचा होतो. म्हणून भूमी अभिलेखकडून गाव नकाशा काढला, गट नंबर जुळवले आणि प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपले.

सगळ्यात जास्त वेळ भरतीरेषेला लागला आणि तो लागायलाच हवा होता, कारण सगळी अंतरं तिच्यापासून मोजतात. उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं, ती ही रेषा. अमावास्येच्या उधाणानंतर रापणीतल्या जुन्या माणसांना घेऊन किनाऱ्यावर गेलो. शेवाळ, शिंपले, सुकी पानं यांची एक बारीक ओळ वाळूवर पडली होती. तिच्या बरीच वर, केवड्याच्या मुळाशी, आणखी एक जुनी ओळ होती. मी तिथे मोजायला वाकलो, तर एक आजोबा म्हणाले, "ह्या पाणी उधाणाचा नाय, वादळाचा आसा." खालच्या ओळीचे फोटो तारीख-वेळेसकट घेतले. मसुद्यातली रेषा खाडीच्या तोंडाशी या ओळीपासून बरीच सरकलेली निघाली.

कांदळवनाचं काम तुलनेनं सोपं होतं. सरकारी जमिनीवर १००० चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल, तर भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील वर्गात धरतात. खाडीच्या आतल्या वळणावरचा एक तुकडा सुटला होता, तो नोंदवला.

हरकत लिहिताना "आमच्यावर अन्याय होतोय" असली वाक्यं आम्ही ठेवली नाहीत. राग खरा असतो, पण त्यावरून कुणी नकाशा दुरुस्त करत नाही. तक्ता केला: गट नंबर, मसुद्यात काय आहे, जागेवर काय आहे, पुरावा काय. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि मच्छीमार सोसायटीची जुनी कागदपत्रं जोडली. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का मारून पोच घेतली.

जनसुनावणीला वाळवण करणाऱ्या काकी स्वतः बोलल्या. नारळाच्या झापांवर मासळी कुठून कुठपर्यंत पसरतात, ते त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. त्यांच्याइतकं नेमकं आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. गट नंबर इतिवृत्तात येईपर्यंत आम्ही उठलो नाही. इतिवृत्ताची प्रत हातात आहे. अंतिम नकाशे आले की तक्त्यातली एकेक ओळ त्यांच्याशी ताडून पाहायची आहे. मांगर तेव्हाही लागलेला नसेल, तर राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यायचा अर्ज आत्ताच लिहून ठेवला आहे.