आंबोलीच्या रानातलं रेडिओ स्टेशन

"धबधब्याला उतरणार काय?" सावंतवाडीहून निघालेल्या एसटीत कंडक्टरने विचारलं. म्हटलं, नाही, वर आंबोलीला. रेडिओ स्टेशन बघायला चाललोय म्हणालो असतो तर त्याने मला खुळ्यात काढलं असतं.

बघायला तिथे आता काही नाहीच. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी याच रानातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू झाला, गोव्याच्या मुक्तीसाठीचं गुप्त रेडिओ केंद्र. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. भाषा कोकणी आणि पोर्तुगीज. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातली वर्तमानपत्रं सेन्सॉरखाली. खरी बातमी पोचवायची तर ती हवेतूनच, हद्दीच्या अलीकडून. दादरा-नगर हवेलीत पोर्तुगिजांकडून हाती आलेल्या दोन वायरलेस संचांचा ट्रान्समीटर केला होता. त्यांचंच यंत्र, त्यांच्याच विरुद्ध! मला हा भाग सगळ्यात आवडतो.

चहाच्या टपरीवर विचारलं. "रेडिओ? हंय? खंयचो?" मग जरा विचार करून, "आमच्या आज्याक ठावक असतला." आजोबा कधीच गेलेले. त्याने नुसती हनुवटी उडवून समोरचं धुकं दाखवलं.

तो सप्टेंबर होता. दुसऱ्या दिवशी माझा फोन चार्जच होईना. आत ओल आहे म्हणे. वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात त्या दोघांनी ते संच कोरडे कसे ठेवले असतील, याचंच मला कोडं पडलं. पुढे केंद्र कर्नाटकातल्या कॅसलरॉकला हललं आणि १९६१च्या डिसेंबरपर्यंत बोलत राहिलं.

तिथून पणजी. आल्तिन्होच्या चढावर आकाशवाणी. रविवार होता, फाटकाबाहेरूनच बघितलं. हिचा जन्म पोर्तुगीज अमलातला, १९४६चा. नाव 'एमिसोरा दे गोवा'. म्हणजे एकाच गोव्यावर दोन आवाज. एक राजधानीत राजरोस, दुसरा रानात लपून.

१८ डिसेंबर १९६१ला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी पणजीजवळच्या बांबोळीचं पोर्तुगीज वायरलेस केंद्र उडवलं. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले, तेव्हा सरदेसाई आणि लोबो विमानात बसून, लाउडस्पीकर लावून गोव्यावरून फिरले. गोवा मुक्त झाल्याचं वरून ओरडून सांगितलं, पत्रकं टाकली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत.

उतारावरून खाली येताना एका घराच्या व्हरांड्यात रेडिओ लागला होता. क्रिकेटची कॉमेंट्री. मी दोन मिनिटं थांबलो, स्कोअर ऐकला आणि बसस्टँडकडे निघालो.